मुलांची खुशाली मोजायची, पण कोणाला विचारून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लक्षात येईल. शाळा सुटल्यावर मुलं येऊन बसतात, अभ्यास करतात, खेळतात असं एक केंद्र तुम्ही चालवता. ६ ते १४ वयाची साठेक मुलं आहेत. निधी देणाऱ्यांनी आता विचारलंय की दोन वर्षांत मुलांची ‘सुस्थिती’ किती सुधारली ते एका आकड्यात दाखवा. त्यासाठी कोणती प्रश्नावली वापरावी, हे तुम्हाला हवंय.

प्रश्नावल्या आहेत, चांगल्या आहेत, खाली सांगतेच. पण बावीस वर्षं मुलांच्या उपक्रमांचं मूल्यमापन करून एवढं कळलंय की प्रश्नावलीपासून सुरुवात केलेलं काम बहुतेक वेळा अहवाल होऊन कपाटात जातं. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. मूल बरं आहे म्हणजे काय, ते कोणी सांगायचं, आणि सांगितलेल्याचं पुढे काय करायचं. यातला तिसरा आधी सोडवावा लागतो.

निधी चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला लागणारा आकडा वेगळा. कोणत्या मुलाकडे आधी लक्ष द्यायचं हे कळायला लागणारा वेगळा. केंद्रात काय बदलायचं ते समजायला कधीकधी आकडा लागतच नाही, मुलांशी नीट बोलावं लागतं. मी अशा वेळी समोरच्याला जरा खोचकपणे विचारते की सरासरी दहापैकी ६.८ आली तर काय कराल, आणि ७.४ आली तर काय कराल? दोन्हींचं उत्तर सारखंच असेल तर मुलांना तासभर कागदं भरायला बसवू नका. निधी देणाऱ्यांनाही हा प्रश्न जरूर विचारा. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा त्यांनाही ‘एक आकडा’ नको असतो. त्यांच्या वरच्या कोणीतरी तो मागितलेला असतो.

आता व्याख्या. ‘बालकल्याण’ हा शब्द मी शक्यतो टाळते. कल्याण म्हटलं की करणारा एक आणि करवून घेणारा दुसरा असं चित्र उभं राहतं, आणि करणारा नेहमी मोठा माणूस असतो. त्यापेक्षा पत्रातल्या ‘खुशाली कळवा’मधला खुशाली हा शब्द मला जवळचा वाटतो, कारण खुशाली ज्याची त्यानेच कळवायची असते.

हे फार उशिरा सुचलेलं शहाणपण आहे. मुलांविषयीची आकडेवारी पूर्वी मुख्यतः काय बिघडलं याची असे. किती बालमृत्यू, किती कुपोषित, किती जणांनी शाळा सोडली. त्यात चूक काहीच नव्हती. मुलं दगावत असताना ‘तुला कसं वाटतं’ हा प्रश्न कोण विचारणार? पण मूल आजारी नाही आणि शाळेत जातं एवढ्यावरून ते बरं आहे असं म्हणता येत नाही, हे हळूहळू मान्य झालं. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलंय की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला, त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडायचा हक्क आहे आणि वयाच्या व समजेच्या मानाने त्या मताला वजन दिलं गेलं पाहिजे. मोजमाप करणाऱ्यांच्या दृष्टीने हे कलम मोठं अवघड जागेचं दुखणं ठरलं. मुलांविषयी मोठ्यांना विचारून मोकळं व्हायची सोय त्याने काढून घेतली.

आणखी एक गोष्ट व्याख्येतच मिटवून टाकावी लागते. मुलाचं आज बरं असणं आणि ते उद्या बरं घडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेतले गुण, वाचनाची पातळी हे बहुतांशी घडण्याचे निर्देशक. झोप नीट होते का, घरात कोणी ऐकून घेतं का, शाळेत कोणी छळतं का हे असण्याचे. दोन्ही लागतात. पण एकाच बेरजेत घातले की गुण वाढलेले मूल झोप उडालेली असूनही ‘सुधारलेलं’ दिसतं. मी ते दोन वेगळ्या पानांवर ठेवते.

एका आकड्याचा मोह मलाही समजतो, आणि मोठमोठ्या संस्थांनाही तो सुटलेला नाही. युनिसेफच्या फ्लॉरेन्समधल्या इनोचेंती संशोधन केंद्राने २००७ मध्ये २१ श्रीमंत देशांतल्या मुलांची तुलना केली. त्यात सहा पैलू होते: भौतिक परिस्थिती, आरोग्य व सुरक्षितता, शिक्षण, कुटुंब व सवंगड्यांशी नाती, सवयी व धोके, आणि मुलांचं स्वतःचं मत. नेदरलँड्स पहिलं आलं, अमेरिका विसावी, ब्रिटन शेवटचं. चेक प्रजासत्ताक त्याच्यापेक्षा कितीतरी श्रीमंत असलेल्या फ्रान्स-ऑस्ट्रियाच्या वर होतं. देशाच्या उत्पन्नावरून मुलांची खुशाली ठरत नाही हे त्या तक्त्याने ठसठशीतपणे दाखवलं, आणि ब्रिटनमध्ये तर त्यावरून मोठा गदारोळ झाला. म्हणजे एका क्रमांकाचा उपयोग आहे. झोप उडवायला तो उत्तम.

पण निदानाला? याच केंद्राच्या २०२० च्या अहवालात जपान ३८ देशांत विसावा होता. चारचौघांसारखा, मधलाच. पैलू सुटे करून पाहिले तर शारीरिक आरोग्यात पहिला आणि मानसिक सुस्थितीत सदतिसावा! विसावा हा क्रमांक जपानमधल्या कुठल्याच मुलाविषयी काही सांगत नाही. निधी देणाऱ्यांना हे उदाहरण सांगा, लगेच पटतं. शिवाय सगळ्या पैलूंना समान वजन देणं हासुद्धा कोणीतरी घेतलेला निर्णयच असतो. मैत्री आणि लसीकरण यांचं वजन सारखं का, याचं उत्तर गणितात नाही.

मग कोणाला विचारायचं? पालकांना आणि शिक्षकांना विचारणं सोपं. ते साक्षर असतात, बसून फॉर्म भरतात, प्रश्न नीट समजून घेतात. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून पाहिलं की मुलांच्या वागण्यातल्या व भावनिक अडचणींबद्दल वेगवेगळ्या माणसांचं कितपत जुळतं. १ म्हणजे तंतोतंत एकमत धरलं तर, आई आणि बाबा अशा एकाच जागेवरून पाहणाऱ्या दोघांचं ०.६० च्या आसपास जुळत होतं. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या जागांवरून पाहणाऱ्यांचं ०.२८. आणि मूल स्वतः व बाकीचे यांचं ०.२२.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं होतं की कोणीतरी चुकत असणार. आता तसं वाटत नाही. वर्गातलं मूल, घरातलं मूल आणि पांघरुणाखालचं मूल ही तीन वेगळी दृश्यं आहेत, आणि शिक्षकाला त्यातलं एकच दिसतं. म्हणून तिघांच्या उत्तरांची सरासरी कधी काढू नका. फरक आहे तिथेच माहिती आहे. आई म्हणते सगळं छान आणि मुलगी म्हणते रात्री भीती वाटते, तर त्या दोघींची सरासरी ‘ठीकठाक’ येईल आणि दोघींचंही म्हणणं वाया जाईल.

इथेच दुसरा सापळा आहे. त्रास नसणं म्हणजे बरं असणं असं आपण गृहीत धरतो. सुल्डो आणि शॅफर या संशोधकांनी २००८ मध्ये ३४९ शाळकरी मुलांना दोन्ही बाजूंनी तपासलं, त्रासाची लक्षणं किती आणि आयुष्याबद्दल समाधान किती. १३ टक्के मुलं अशी निघाली की लक्षण एकही ठळक नाही, पण समाधानही नाही. आणखी १३ टक्क्यांचं उलट, त्रास आहे आणि तरी ती समाधानी आहेत. यातली पहिली १३ टक्के मुलं कुठल्याच चाळणीत अडकत नाहीत. ती गप्प असतात, कोणाला त्रास देत नाहीत, हजेरी चोख असते. तुमच्या केंद्रातही अशी दोन-चार मुलं असतील, आणि बहुधा तुम्ही त्यांना ‘गुणी’ म्हणत असाल.

मुलांना काय महत्त्वाचं वाटतं हे आपल्याला माहीत असतं, हा तिसरा भ्रम. ब्रिटनमध्ये २०११ च्या सुमारास संशोधकांनी मुलांनाच विचारून दहा गोष्टींची यादी केली, ज्या नसल्या तर आपण मागे पडलो असं वाटतं. त्यात थोडे खाऊचे पैसे होते, थोडे साठवता येण्याजोगे पैसे होते, आणि बरोबरीच्या मुलांत वेगळं पाडणार नाहीत असे कपडे होते. मोठ्यांनी केलेल्या यादीत बूट असतात. मुलांच्या यादीत कोणते बूट हेही असतं. आपल्याला ते थिल्लर वाटतं. पण घरच्या उत्पन्नापेक्षा या यादीचा मुलांच्या समाधानाशी अधिक जवळचा संबंध निघाला.

माझा स्वतःचा धडा एका वसतिगृहातला. आम्ही पस्तीस कलमांची प्रश्नावली घेऊन गेलो होतो. आहार, अभ्यास, मैत्री, आत्मविश्वास, सगळं त्यात होतं. तासभर आधी सहज म्हणून मुलामुलींना इमारतीचा नकाशा काढायला दिला आणि जिथे बरं वाटत नाही तिथे लाल टिंब द्यायला सांगितलं. मुलींच्या बाजूच्या एका स्वच्छतागृहावर टिंबांचा ढीग पडला. का? तर आतून कडी लागत नव्हती. एक मैत्रीण बाहेर उभी राहिल्याशिवाय कोणी आत जात नसे, आणि रात्री मैत्रिणीला उठवायचं नको म्हणून बऱ्याच जणी संध्याकाळपासून पाणीच पीत नसत. आमच्या पस्तीस कलमांत कडी कुठेच नव्हती.

आता तुम्ही विचारलेल्या साधनांकडे वळते. आठ वर्षांखालच्या मुलांना लेखी प्रश्नावली देऊ नका. त्यांच्याशी नकाशा, चित्रं, ‘मला तुझी आवडती जागा दाखव’ असं फिरणं यांतून बोला आणि पालकांकडून वेगळी माहिती घ्या. आठच्या पुढे किडस्क्रीन ही मुलांच्या खुशालीचे वेगवेगळे पैलू विचारणारी प्रश्नावली चालते. ती ८ ते १८ वयासाठी आहे आणि ५२, २७ व १० प्रश्नांच्या तीन आवृत्त्यांत मिळते. तुमच्यासाठी २७ ची पुरे. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची २५ विधानांची एसडीक्यू (मुलांची बलस्थानं आणि अडचणी विचारणारी प्रश्नावली) खूप वापरली जाते, पण ती मुख्यतः अडचणी शोधायची चाळणी आहे आणि मुलांनी स्वतः भरायची आवृत्ती ११ वर्षांपासून पुढची आहे. ती खुशालीची मोजपट्टी म्हणून वापरली की वर सांगितलेली गप्प मुलं निसटतात. कुठलीही घेतलीत तरी ती मुलांच्या बोलीत आहे का ते पाहा. भाषांतरित प्रश्नावल्यांत ‘गेल्या आठवड्यात तू ऊर्जेने परिपूर्ण होतास का’ असली वाक्यं मी वाचली आहेत. मुलगा ‘नाही’वर खूण करतो, कारण त्याला वाटतं हा विज्ञानाचा प्रश्न आहे.

एकच प्रश्न विचारायचा असेल तर शिडी. हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही कल्पना. शून्य म्हणजे तुझ्यासाठी वाईटात वाईट आयुष्य, दहा म्हणजे चांगल्यात चांगलं, तू आत्ता कुठल्या पायरीवर आहेस? जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने दर चार वर्षांनी होणाऱ्या शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणात ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना हेच विचारतात. सोपं, स्वस्त, चटकन होणारं. तरी एक किस्सा सांगते. नऊ वर्षांच्या एका मुलाने चौथ्या पायरीवर बोट ठेवलं. मी वहीत ४ लिहिले, मनात काळजीची नोंदही केली. मग सवयीने विचारलं, ‘चौथीच का रे?’ तो म्हणाला, ‘त्याच्या वर गेलो तर उतरताना भीती वाटते.’ मुलगा मजेत होता. त्याने शिडी शिडीसारखी पाहिली होती. तेव्हापासून लहान मुलांशी मी आधी एक सरावाचा प्रश्न घेते (‘तुला पाऊस किती आवडतो ते शिडीवर दाखव’) आणि उत्तरानंतर ‘का’ हमखास विचारते. आणि हो, मूल उत्तर देताना ताई-दादांपैकी कोणी मागे उभं नसावं. ते उभे असले की सगळी मुलं दहाव्या पायरीवर चढतात.

आकड्यांबद्दल तीन इशारे, कारण तुमचा अहवाल इथेच घसरू शकतो. आठच्या वरची ४०-४५ मुलं धरली आणि उत्तरांचा पसारा (प्रमाण विचलन) नेहमीसारखा दोनेक पायऱ्यांचा असला, तर सरासरीत अर्ध्या पायरीचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. ६.९ वरून ७.२ झालं म्हणून पेढे वाटू नका आणि उलट झालं म्हणून रडूही नका. त्यापेक्षा चारच्या खाली किती मुलं आहेत ते मोजा आणि ती कोण आहेत ते पाहा. दुसरं असं की अगदी वाईट स्थितीतली मुलं निवडून घेतली असतील तर पुढच्या मोजणीत ती काही न करताही थोडी वर येतात, कारण टोकाची उत्तरं पुढच्या वेळी मधल्या बाजूला सरकतातच.

तिसरा इशारा बहुतेकांना माहीतच नसतो. ११ ते १५ या वयात समाधानाचा आलेख सरासरीने उतरतो, मुलींमध्ये जास्त. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात हे पुन्हा पुन्हा दिसलंय. तुमची बारा वर्षांची मुलगी चौदाची होईपर्यंत सातवरून सातवरच राहिली, तर ‘काही फरक पडला नाही’ असा शेरा पडेल. प्रत्यक्षात ती तुमच्या कामाची कमाई असू शकेल. म्हणून शक्य असेल तर केंद्रात न येणाऱ्या त्याच वयाच्या काही मुलांनाही तेच प्रश्न विचारा. शक्य नसेल तर अहवालात ‘आमच्यामुळे’ हा शब्द वापरू नका.

हजेरीसारखा सोपा आकडा तर जपूनच वापरा. एका उपक्रमात हजेरी हाच खुशालीचा निर्देशक धरला होता, आणि तापाने फणफणलेली मुलं कडेवर घेऊन आणलेली मी पाहिली आहेत.

आणि एक गोष्ट मोजायला सुरुवात करायच्या आधी. कोणीतरी मूल काहीतरी भयंकर सांगेल. घरी मारतात, कोणी हात लावतं, जगू नये असं वाटतं. त्या दिवशी कोण ऐकणार, कोणाला कळवणार, मूल रात्री कुठे असणार, हे कागदावर ठरलेलं नसेल तर प्रश्नच विचारू नका. पालकांची संमती घ्या, मुलाचाही होकार घ्या, आणि ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुला धोका आहे असं वाटलं तर मला सांगावं लागेल’ हे आधीच सांगा. मुलं ते समजून घेतात.

तर तुमच्या जागी मी असते तर निधी देणाऱ्यांशी बोलून एका आकड्याऐवजी चार-पाच आकड्यांचं एक पान कबूल करून घेतलं असतं. त्यात किडस्क्रीनचे पैलू सुटे, शिडीवर खालच्या पायऱ्यांवर असलेल्या मुलांची संख्या, आणि मुलांनी स्वतः सुचवलेल्या दोन गोष्टी. त्या दोन गोष्टी कोणत्या ते नकाशा काढून घेतल्यावर कळेल, आज तुम्हाला किंवा मला सांगता येणार नाही. मोजणी वर्षातून एकदा, दरवर्षी त्याच महिन्यात. परीक्षेच्या आठवड्यात आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी घेतलेल्या उत्तरांची तुलना होत नाही. लहानांसाठी आकड्यांऐवजी प्रत्येकाची एक-दोन वाक्यं, नावाशिवाय.

आणि निकाल मुलांना परत दाखवा. हे सगळे विसरतात, आम्हीही विसरलो होतो. त्या वसतिगृहात आठवण झाल्यावर चार महिन्यांनी गेलो, भिंतीवर रंगीत तक्ते लावले, सुरक्षिततेचा स्तंभ कसा बुटका आहे ते समजावून सांगितलं. मागच्या रांगेतली एक मुलगी बराच वेळ तक्त्याकडे पाहत होती. मग हात वर करून तिने विचारलं, ‘हे तर आम्हीच सांगितलं होतं ना? कडी बसवली का?’

नव्हती बसवली.